कोर्टवर शिकलेलं, लाइनवर वापरलेलं

बारामती एमआयडीसीत एका कपडे शिवणाऱ्या कंपनीत मी लाइन सुपरवायझर आहे. माझ्या लाइनवर चाळीसच्या आसपास बायका आहेत. आम्ही पुरुषांचे शर्ट शिवतो. त्याआधी कॉलेजात मी बास्केटबॉल खेळले आणि शेवटच्या वर्षी संघाची कर्णधार होते. लाइन माझ्या हातात आली तेव्हा ती पार विस्कटलेली होती. ती सावरताना जे उपयोगी पडलं, त्यातलं बरंचसं मी कोर्टवर शिकले होते. आमच्या भागात आता बऱ्याच मुली सुपरवायझर होत आहेत. त्यांचा त्रास थोडा कमी व्हावा म्हणून जे घडलं ते तसंच सांगते.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, बेलवाडीच्या बाजूला. घरी ऊस आणि दोन म्हशी. शाळेत मी खो-खो खेळायचे. बारामतीला कॉलेजात आले तेव्हा खेळाच्या सरांनी माझं धावणं पाहिलं आणि विचारलं, "बास्केटबॉल खेळशील का?" तोवर मी बास्केटबॉलचा बॉल हातात धरला नव्हता. आईला काळजी होती की सरावासाठी अंधारात घर सोडावं लागेल. वडील म्हणाले, "पहिल्या एसटीनं जाईल. मी स्टँडवर सोडतो. पण अभ्यास बुडता कामा नये." ते रोज सोडायला येत होते म्हणूनच मी खेळू शकले.

पहिले काही आठवडे सरांनी आम्हाला रिंगकडे बॉल टाकूच दिला नाही. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, हात पसरायचे आणि पाय न जुळवता बाजूला सरकायचं. मग एक पाय रोवून दुसऱ्या पायावर वळायचं. मग छातीपासून छातीपर्यंत पास. कंटाळा यायचा. सिमेंटच्या कोर्टवर पाय भाजायचे, पोटऱ्या भरून यायच्या. आम्ही कुरकुर केली की सर जॉन वुडन यांची गोष्ट सांगायचे. वुडन हे अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक. हंगामाच्या सुरुवातीला ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो. फोड आला की खेळाडू बाहेर बसतो. त्या वुडन यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. सर म्हणायचे, "मोठी मॅच मोज्यापासून सुरू होते." तेव्हा मला ते फारसं पटलं नव्हतं. शिलाईच्या मशिनवर बसलेल्या बाईची खुर्ची दोन बोटं खाली-वर असली तर दिवसाचं काम किती बदलतं, हे पाहिल्यावर पटलं.

खेळाचे नियम शिकवताना सर मुळापासून सांगायचे. जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला तयार केला. त्यांनी तेरा नियम लिहिले. त्यातली एक मुख्य अट अशी की बॉल हातात धरून धावायचं नाही. म्हणजे एकटी कितीही वेगवान असली तरी बॉल घेऊन पळत सुटू शकत नाही. पुढे बॉल आपटत नेण्याची, म्हणजे ड्रिबलिंगची सोय आली. पण खेळ पासवरच उभा राहिला. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. त्यात दोन्ही बाजूंच्या मिळून दहा जणी. बॉल ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत रिंगवर फेक करावी लागते. थांबून भांडायला वेळच नसतो.

सरांचा सगळ्यात जास्त जोर बचावावर असायचा. तुमच्यासमोरची खेळाडू तुम्हाला चुकवून आत घुसली, तर शेजारच्या मुलीनं आपली जागा सोडून तिला अडवायचं. शेजारचीची जागा तिसरीनं भरायची. याला आम्ही 'हेल्प' म्हणायचो. ही हेल्प मोठ्यानं ओरडून सांगावी लागायची. "हेल्प डावीकडे!" "स्क्रीन!" "बॉल बॉल बॉल!" गप्प राहून बचाव करणारी मुलगी सरांना चालायचीच नाही. गावाकडून आलेल्या आम्हा मुलींना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. घरी तर हळू बोल म्हणूनच शिकवलेलं. कोर्टवर आवाज काढायला मला बास्केटमध्ये बॉल टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आणखी दोन सवयी सरांनी लावल्या. दोन्ही नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या. मायकेल जॉर्डन कॉलेजात त्यांच्याच हाताखाली खेळला. पहिली सवय अशी की, बास्केट झाल्यावर जिनं टाकली तिनं पास देणारीकडे बोट दाखवायचं. टाळ्या टाकणारीला मिळतात, म्हणून पास देणारीचं श्रेय तिनंच तिथल्या तिथे द्यायचं. दुसरी सवय, दम लागला की मूठ वर करायची. मूठ दिसली की सर बदली खेळाडू पाठवणार. आणि दम परत आला की त्याच मुलीनं स्वतः सांगून आत जायचं. मूठ वर केली म्हणून कुणाला बोल लावायचा नाही. उलट दमलेली असून मूठ वर न करता जी मागे रेंगाळायची, तिला सर बाहेर घ्यायचे.

शेवटच्या वर्षी मला कर्णधार केलं. मला वाटलं, आता मी सूचना देणार. सरांनी माझ्या हातात बॉलची जाळी दिली. बॉल मोजायचे, हवा तपासायची, कोर्ट झाडून घ्यायचं, सगळ्यात आधी यायचं आणि सगळ्यात शेवटी निघायचं. बेंचवरच्या मुलींकडे लक्ष ठेवणं हेही माझं काम. संघात बारा जणी, कोर्टवर पाच. उरलेल्या सात जणींना आपण संघात आहोत असं वाटलं नाही, तर गरज पडेल तेव्हा त्या तयार नसतात.

त्या वर्षीच्या विभागीय स्पर्धेतला एक सामना मला नेहमी आठवतो. शेवटचं क्वार्टर होतं. समोरच्या संघानं पूर्ण कोर्टवर दाबून बचाव सुरू केला. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी मुलगी, बॉल घेऊन निघाली की दोघी तिला कोपऱ्यात कोंडायच्या. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची असते. ती घाबरून लांब पास टाकायची आणि बॉल त्यांच्या हातात जायचा. आम्ही बाकीच्या चौघी पुढे उभ्या राहून तिला ओरडत होतो, "दे ना! पास दे!" सरांनी टाइम आउट घेतला. एका मिनिटाचा असतो तो. सर त्या मुलीला काहीच बोलले नाहीत. आम्हा चौघींना म्हणाले, "बॉल अडकलाय तिथे जा. लांबून हाका मारू नका."

पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा आमच्यातली एक बॉलकडे परत आली, एक मधे थांबली. छोटे पास मिळू लागले आणि बॉल बाहेर निघाला. तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. वाईट वाटलं, एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. पण सरांचं ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. पुढे नोकरीत मला सगळ्यात जास्त त्याचाच आधार झाला.

पदवी झाल्यावर एमआयडीसीत नोकरी शोधली. भिगवण रस्त्याच्या बाजूला वाहनांपासून दुधाच्या पदार्थांपर्यंत सगळे कारखाने आहेत. टेक्स्टाइल पार्क झाल्यापासून शिलाईकामात आसपासच्या गावांतल्या बायका मोठ्या संख्येनं आल्या. मी ज्या कंपनीत लागले तिचं नाव घेत नाही. सुरुवातीला चेकर होते. टेबलावर शर्ट पसरायचा, कॉलर, कफ, खांदा, बाजूची शिलाई, काजं-बटणं असं ठरलेल्या क्रमानं पाहायचं आणि दोष असला की बाण चिकटवायचा. त्या कामामुळे कुठला दोष कुठून येतो ते कळलं. नंतर एका लाइनची सुपरवायझर नोकरी सोडून गेली आणि ती लाइन मला दिली.

लाइनची अवस्था अशी होती. शर्टाची नवी स्टाइल लागली होती, कॉलर कडक आणि टोकदार. कॉलरची शिलाई मारून ती उलटवायची, टोक काढायचं, वरून टिप मारायची, मग पट्टी जोडायची. एक टोक वर आणि एक खाली गेलं की त्याला अप-डाऊन म्हणतात. अप-डाऊन कॉलरी ढिगानं येत होत्या. कॉलर सेक्शन मागे पडला की पुढच्या जोडणीवाल्या बायका रिकाम्या बसायच्या. मग एकदम कॉलरींची बंडलं यायची आणि घाईत दुसरे दोष व्हायचे. लाइनच्या शेवटी अल्टरचा, म्हणजे दुरुस्तीला परत आलेल्या शर्टांचा ढीग असायचा. संध्याकाळी तो उसवत बसावं लागायचं.

याआधी यावर एकच इलाज चालू होता, ओरडणं. तासाचं टार्गेट बोर्डवर लिहिलेलं. तास भरला की सुपरवायझरवर वरून आवाज चढायचा, सुपरवायझर कॉलरवाल्या बायकांवर आवाज चढवायची. त्या बायका घाबरून आणखी घाई करायच्या. काही जणी शेजारच्या कंपनीत निघून गेल्या. त्यांच्या जागी नव्या मुली आल्या, त्यांना कॉलर जमत नव्हती.

पहिले काही दिवस मी फक्त पाहिलं. मला कोर्टवरचा तो कोपराच दिसत होता. काम कॉलरवर अडकलं होतं आणि सगळी लाइन लांबून हाका मारत होती.

मी माझं टेबल हलवलं. सुपरवायझरचं टेबल लाइनच्या तोंडाशी असतं. मी ते कॉलर सेक्शनच्या शेजारी नेलं. ढीग साचला की मी स्वतः कॉलरी उलटवायला आणि टोक काढायला बसायचे. टिप मारायचा हात माझा चांगला नव्हता, पण उलटवून आणि मोजून देणं जमत होतं. तिथे बसल्यावर कारण कळलं. कॉलरचे तुकडे कापून येत होते त्यांच्या खुणा पुसट होत्या. नवीन मुली अंदाजानं शिवत होत्या. मी कटिंगच्या मास्तरांकडे चार खराब कॉलरी घेऊन गेले. ते भले माणूस. त्यांनी खूण ठळक करून दिली आणि कॉलरसाठी पुठ्ठ्याचा साचाही करून दिला. अप-डाऊन एकदम थांबले नाहीत, पण कमी झाले. ओरडण्यानं ते कधीच कमी झाले नसते, कारण त्याचं मूळ खुर्चीत बसलेल्या बाईत नव्हतंच.

नंतर अल्टरचा प्रश्न घेतला. बास्केटबॉलमध्ये फेक हुकली की कुणी हुकवली हे विचारत बसत नाहीत. जवळची खेळाडू रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला बॉल घेते. आमच्याकडे उलटं होतं. कॉलर वाकडी आली तरी पुढची बाई ती तशीच जोडायची, कारण "माझं काम जोडायचं, बघायचं नाही." मग शेवटी चेकर तो शर्ट परत पाठवायची आणि एका कॉलरसाठी तीन शिलाया उसवाव्या लागायच्या. आम्ही ठरवलं की, हातात आलेला तुकडा प्रत्येकीनं एकदा पाहायचा. चुकीचा असेल तर लगेच मागे द्यायचा. त्याच तासात दुरुस्त करायचा. देताना बोलायचं नाही, चिडायचं नाही, फक्त दोष कुठे ते बोट ठेवून दाखवायचं. हे सोपं वाटतं. पण मागे दिलं की अपमान झाला असं वाटायची सवय मोडायला वेळ लागला. दोघींचं तर यावरून बोलणंच बंद झालं होतं. मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवलं. पहिल्या दिवशी त्या नुसत्या जेवल्या. हळूहळू बोलायला लागल्या.

सकाळी मशिनी सुरू व्हायच्या आधी आम्ही लाइनजवळ उभ्या राहतो. दोन-तीन मिनिटंच. आज कोण आलेली नाही, कुठली स्टाइल, काल काय चुकलं. मी कमी बोलते. कॉलरवाली तिचं सांगते, कफवाली तिचं. सुरुवातीला कुणी तोंड उघडत नव्हतं. सुपरवायझरपुढे गप्प राहायचं हीच शिस्त मानलेली. मी एकेकीला नावानं विचारायचे, "ताई, तुमच्या मशिनला आज काय त्रास?" आता मी विचारायच्या आधी सांगतात. मशीन टाके सोडतंय हे सकाळी आठला कळलं तर मेकॅनिक ते लगेच नीट करतो. दुपारी कळलं तर तेवढ्या वेळचे सगळे शर्ट उसवावे लागतात.

सगळ्यात अवघड होतं ते शेजारचीचं काम शिकवणं. प्रत्येकीला आपल्या मागच्या आणि पुढच्या मशिनचं काम थोडं तरी यावं, असं मला हवं होतं. कोर्टवरच्या हेल्पसारखं. एक बाई आली नाही तर शेजारची सरकेल आणि तिची जागा तिसरी भरेल. बायकांनी विरोध केला. आमच्या कॉलरमधल्या सगळ्यात जुन्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मी माझं काम दुसरीला शिकवलं तर उद्या माझी किंमत काय राहील? आणि दुसरीचं काम मी करायचं त्याचे पैसे कोण देणार?"

त्यांचं बरोबर होतं. खेळात पास दिला की संघ जिंकतो आणि तेवढ्यानं समाधान होतं. इथे बायका पगारासाठी येतात. कुणाच्या घरी दवाखाना आहे, कुणाच्या मुलाची फी आहे. त्यांच्याकडून नुसत्या जिद्दीवर जादा काम मागणं अन्याय आहे. मी एचआरकडे गेले. जिला जास्त ऑपरेशनं, म्हणजे शिलाईची वेगवेगळी कामं येतात तिला वरची ग्रेड द्यावी, आणि जी शिकवते तिला शिकवल्याचा मोबदला मिळावा, असं लेखी मागितलं. लगेच झालं नाही. बरेच महिने पाठपुरावा करावा लागला. मला हवं होतं तेवढं मिळालं नाही, पण ग्रेडचं झालं. त्यानंतर त्या जुन्या ताईंनी स्वतः दोन मुलींना कॉलरला बसवलं. त्यांच्याइतकं चांगलं मी कुणालाच शिकवताना पाहिलेलं नाही. मुलीचा हात धरून त्या कापड कसं फिरवायचं ते दाखवायच्या. एकदा हात बसला की मगच वेगाचं नाव काढायच्या. आमच्या सरांची पद्धत हीच होती.

मधे वरून एक सूचना आली की प्रत्येकीच्या नावापुढे तासात शिवलेले पीस बोर्डवर लिहावेत, म्हणजे चुरस लागेल. काही दिवस तसं चाललं. चुरस लागली, पण शेजारी-शेजारी. सोपी बंडलं आधी ओढून घेणं सुरू झालं. मागे दिलेला तुकडा कुणी दुरुस्त करेना, कारण त्याचे पीस मोजले जात नव्हते. मी ही माहिती साहेबांपुढे ठेवली आणि नावं काढायची परवानगी घेतली. त्या जागी आम्ही दुसरं लिहू लागलो. दिवसभरात कुणाची बंडलं साफ आली ते पुढच्या मशिनवालीनं सांगायचं, आणि ते नाव बोर्डवर. ही डीन स्मिथ यांचीच रीत, पास देणारीकडे बोट दाखवायची. ज्यांचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं अशा हेल्पर मुलींची नावं बोर्डवर आली. धागे कापणाऱ्या एका मुलीनं घरी दाखवायला त्या बोर्डचा फोटो मागितला.

मूठ वर करण्याची सवय लावणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिलाईच्या लाइनवर बाई उठली की काम थांबतं. म्हणून बायका उठत नाहीत. पाळीत पोट दुखत असलं तरी बसून राहतात. वारंवार जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. मग उन्हाळ्यात चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. हे मी चेकर असताना स्वतः पाहिलं होतं आणि स्वतःही तसंच करत होते. लाइनवर फ्लोटर म्हणून दोघी असतात, म्हणजे कुठल्याही मशिनवर बसू शकणाऱ्या. त्यांना मी सांगितलं, कुणी हात वर केला की विचारायचं नाही, जाऊन बसायचं. सुरुवातीला कुणीच हात वर करेना. मग एक बाळंतपणानंतर नुकतीच परत आलेली मुलगी होती, तिला मीच सांगितलं, "तू कर, मी फ्लोटर पाठवते." तिनं केला. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर इतर जणी करू लागल्या. त्यामुळे लाइन मागे पडली नाही. उलट दुपारनंतरचे दोष कमी झाले. दमलेल्या हातांनी शिवलेला शर्टच अल्टरला येतो.

या सगळ्याची खरी परीक्षा आषाढात झाली. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम करून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गानं इंदापूरकडे जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात वारकऱ्यांचं जेवण असतं. घरची बाई त्या दिवशी कामाला येऊ शकत नाही आणि तिनं यावं अशी अपेक्षाही करू नये. कंपनीच्या बसचा रस्ताही बंद असतो. आधीच्या वर्षी त्या दिवसांत लाइन जवळजवळ बंद पडली होती, आणि नंतर सगळ्यांना रात्री उशिरापर्यंत थांबवलं होतं. या वेळी शिपमेंटही जवळ होती.

आम्ही पंधरवडाभर आधी बसून यादी केली. कोण कुठल्या दिवशी येणार नाही ते प्रत्येकीनं मोकळेपणानं सांगितलं. आधी बायका दांडी मारून दुसऱ्या दिवशी आजारपण सांगायच्या. कारण खरं सांगितलं तर सुट्टी नाकारली जाईल ही भीती. यादी समोर आल्यावर कोण कुणाच्या जागी बसणार ते ठरलं. रुई, जळोची, कटफळ, गोजुबावी इकडच्या बायकांनी त्या दिवसांचा भार घेतला. काटेवाडी-सणसरच्या बायकांनी नंतरच्या आठवड्यात त्यांना सुट्ट्या सोडल्या. त्या दिवसांत टार्गेट पूर्ण झालं नाही. पण लाइन चालू राहिली, कॉलर अडली नाही आणि अल्टरचा ढीग साचला नाही. शिपमेंट वेळेत गेली. रात्री थांबावं लागलं नाही. त्या जुन्या कॉलरवाल्या ताई पालखीला घरी होत्या आणि त्यांच्या मशिनवर त्यांनीच शिकवलेली मुलगी होती. परत आल्यावर त्यांनी आधी तिची बंडलं तपासली. मग म्हणाल्या, "बरंय." तिला तेवढं पुरे होतं.

बास्केटबॉलमधलं सगळंच कारखान्यात चालत नाही, हेही सांगायला हवं. सामना चाळीस मिनिटांत संपतो, लाइन रोज असते. सामन्याच्या शेवटी जीव तोडून धावता येतं. रोज जीव तोडून शिवता येत नाही. म्हणून जादा वेळ थांबवायचं असेल तर आधी विचारायचं, दुप्पट दर मिळतोय ना हे पाहायचं, घरी जायला बस आहे ना हे पाहायचं. आणि नाही म्हणणाऱ्या बाईवर राग धरायचा नाही. कर्णधारानं बॉल मोजायचे असतात. सुपरवायझरनं बस मोजायची असते, एवढं मला यातून कळलं.

माझ्या लाइनवर आजही अडचणी येतात. नवी स्टाइल आली की पुन्हा दोन-तीन दिवस गोंधळ होतो. चांगली शिकलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते. पगाराचे प्रश्न संपलेले नाहीत. पण बायका बोलतात, एकमेकींच्या जागी सरकतात, आणि सोडून जाणाऱ्या पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत.

कधी कधी जेवणाच्या सुट्टीत खेळाचा विषय निघतो. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली, हे मी त्यांना सांगितलं. २०१७ साली बंगळुरूला भारताच्या मुलींनी आशिया कपच्या दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, तेव्हा अनिता पॉल दुरई कर्णधार होती आणि पुढे तिला पद्मश्री मिळाली, हेही सांगितलं. बायकांना नावं लक्षात राहिली नाहीत. पण एकीनं विचारलं, "मॅडम, माझी मुलगी सातवीत आहे, तिला खेळता येईल का?" मी तिला सरांचा पत्ता दिला. मुलगी आता रविवारी जाते.

माझ्यासारख्या नव्या सुपरवायझर मुलींना तीन गोष्टी सांगते. काम जिथे अडलंय तिथे जाऊन बसा. तिथलं कारण बहुतेक वेळा त्या बाईत नसतं, मागे कुठेतरी असतं. दुसरं, जिला थांबायची गरज आहे तिला न लाजता हात वर करता येईल अशी सोय आधी करा, मग टार्गेट मागा. तिसरं, जादा शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळावेत म्हणून तुम्ही वर भांडा. ते भांडण तिनं करायचं नाही, ते तुमचं काम आहे.

आणि आईवडिलांना एक विनंती. दहावीनंतर मुलीचं खेळणं बंद करू नका. पहाटेच्या एसटीला तिला सोडायला जा. ती पदक आणेल की नाही हे सांगता येत नाही. पण चार जणींना सोबत घेऊन काम कसं करायचं आणि गरज पडली तर मोठ्यानं कसं बोलायचं, हे ती तिथे शिकेल. आमच्या एमआयडीसीत अशा मुलींची गरज आहे.